आधी घरात सिग्नल पोचू दे
‘५जी आल्याने सोसायटीला नक्की काय मिळालं?’ या प्रश्नावर माझं मत: सिग्नल घरात पोचला तरच त्याला अर्थ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेलं आपल्याकडचं बरंचसं ५जी ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर चालतं. या लहरी आरसीसीच्या भिंतींत लवकर दमतात. आमच्याकडे बाल्कनीत ५जी सुसाट, स्वयंपाकघरात फोन ४जीवर येतो आणि लिफ्टमध्ये कॉलच तुटतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या दृष्टीने हे फार गंभीर आहे. घरोघरी वायफाय असताना सिनेमा दोन सेकंदांत उतरला काय नि मिनिटात काय! कमिटीने गच्चीवरच्या टॉवरचं भाडं ठरवतानाच जिने, लिफ्ट, पार्किंगमध्ये छोटे अँटेना बसवून देण्याची अट करारात घालावी. ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग देण्याचे नियम केलेत. नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला त्याबद्दल जरूर विचारावं.