तातडीने मदत हवी: प्रवासात हेडलाइट गेला, जाणकारांनी (खरोखरच) प्रकाश टाकावा

वाटेवरचा_धोंडा, सायं. ५:१०
मंडळी, बाइकवर लांबच्या प्रवासाला निघालोय, आजचा तिसरा दिवस. दुपारी एका बोगद्यात शिरलो आणि समोर काळोख. तेव्हा कळलं की हेडलाइट बंद आहे. सकाळी चालू होता की नाही देव जाणे, उन्हात कोण बघतंय. बल्ब बदलला, तरी तेच. मुक्काम अजून ९० किलोमीटर लांब आणि अंधार पडायला जेमतेम दीड तास. काय करू ते पटकन सांगा. फोन ३० टक्क्यांवर आलाय, निबंध नकोत.

तिसरा_गिअर, ५:१४
गाडी कुठली? डिपर (जवळचा उजेड) गेलाय, अप्पर (लांबचा) गेलाय की दोन्ही? पार्किंग लाइट, टेललाइट, हॉर्न, इंडिकेटर चालतात का? सेल्फ मारते का? आणि 'बल्ब बदलला' म्हणजे नवा घातला की तोच काढून परत बसवला?

वाटेवरचा_धोंडा, ५:१७
गाडीचं काय घेऊन बसलात, हेडलाइट सगळ्या गाड्यांना सारखाच. दोन्ही गेलेत. बल्ब नवा घातला. बाकी सगळं चालतंय.

जुनाजाणता, ५:१९
फ्यूज उडाला असणार. सीटखाली पेटी असते, त्यात बघ. जादा फ्यूज नसेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसव. आम्ही असेच हजारो किलोमीटर फिरलोय, तेव्हा कुठे होते फोरम नि बिरम.

वायरवाला, ५:२२
काका, तुमच्या वयाचा मान राखून सांगतो, चांदी नको. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी शॉर्ट असू शकतो. चांदी लावली की फ्यूज वितळायचा थांबतो आणि वायरिंग वितळायला लागतं, तेही पेट्रोलच्या टाकीखाली. अगदीच नड असेल तर तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज हॉर्नचा काढून इकडे लावावा. हॉर्नवाचून रात्र निघते.

धोंडाभाऊ, फ्यूज बघितलात का?

जुनाजाणता, ५:२३
माझी गाडी अजून जळलेली नाही. असो.

वाटेवरचा_धोंडा, ५:२६
फ्यूज शाबूत आहे, १५ चा. पुढे?

उजेडाचा_राजा, ५:२७
हॅलोजनचा जमाना गेला साहेब. एलईडी बल्ब टाका, निम्म्या वॅटमध्ये दुप्पट उजेड. मी दोन वर्षांपूर्वी टाकला, त्यानंतर हेडलाइटकडे बघितलेलंसुद्धा नाही.

भटकभवानी, ५:३१
तुम्ही बघितलं नसेल, समोरून येणारे रोज बघतात. हॅलोजनच्या एच४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. उजेडाची वरची कड त्या वाटीमुळे नीट कापली जाते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टरची घडण त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीची चिप मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली की उजेड झाडांच्या शेंड्यावर. शिवाय मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी बसत नाही आणि पावसाळ्यात आत तळं साचतं.

मूळ प्रश्नाबद्दल: तास-दीड तासात जमलं नाही तर आहात तिथेच जवळपास मुक्काम करा. ९० किलोमीटर उद्या सकाळीही तिथेच असतील.

उजेडाचा_राजा, ५:३३
ताई, माझ्या बल्बला वाटी आहे.

भटकभवानी, ५:३४
तशी शेपसुद्धा पालीला असते, म्हणून ती मगर होत नाही.

सुसाट_८२, ५:३६
मी एकदा हेडलाइटशिवाय ५० किलोमीटर ट्रकच्या मागून आलो होतो. त्याच्या उजेडात रस्ता मस्त दिसतो. फक्त चिकटून राहायचं.

भटकभवानी, ५:३८
आणि ट्रकच्या चाकांमधून खड्डा बाहेर आला की तो तुम्हाला किती आधी दिसतो? मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता का? कृपया असले सल्ले त्या माणसाला आत्ता देऊ नका.

काचपारखी, ५:४०
हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर टूथपेस्ट लावून ओल्या फडक्याने गोल गोल घासावी. दहा मिनिटांत लख्ख. स्वानुभव.

वायरवाला, ५:४१
आता नीट ऐका. दोन्ही फिलामेंट एकदम सहसा जात नाहीत, आणि इथे तर नवा बल्बही लागत नाहीये. म्हणजे दोष दोघांना सामाईक असलेल्या कुठल्यातरी जागी आहे: स्विचकडे येणारी वायर, रिले (जास्त करंट जोडणारा-तोडणारा स्विच) असल्यास तो, बल्बमागचा कपलर (वायरी बल्बच्या पिनांना जोडणारा प्लास्टिकचा तुकडा), नाहीतर अर्थिंग. किल्ली फिरवून डाव्या हाताचा पासचा (अप्पर क्षणभर चमकवायचा) स्विच दाबा, काय होतं सांगा. बहुतेक गाड्यांत पासला वेगळी वायर असते, ती डिपरचा स्विच टाळून थेट अप्परला जाते.

तिसरा_गिअर, ५:४३
सेल्फचं बटणही आठ-दहा वेळा दाबून सोड. कितीतरी गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट तोडणारा संपर्क त्या बटणातच असतो. त्यावर कार्बन धरला की सेल्फ मारते पण हेडलाइट परत येत नाही. माझं असंच झालं होतं, बल्ब तीनदा बदलून झाल्यावर कळलं. आणि हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून बघ, मानेशी वायर आतून तुटलेली असते.

वाटेवरचा_धोंडा, ५:४९
सेल्फचं बटण दाबून झालं, फरक नाही. हँडल वळवलं, फरक नाही. पास दाबला की आत लालसर मिणमिणतं, जेमतेम. फोन २२ टक्के.

वायरवाला, ५:५१
सापडतंय. पासवरही मिणमिणतं म्हणजे स्विच निर्दोष, करंट वाटेत अडतोय. किल्ली काढा, हेडलाइट उघडा, मागची रबरी टोपी काढा आणि कपलर नाकाशी धरा. जळकट वास येतो का? प्लास्टिकचा रंग बघा.

चेनवाले_बाबा, ५:५२
अवांतर: तीन दिवसांच्या प्रवासात चेनला तेल किती वेळा घालता? मी रोज रात्री, चेन गरम असताना.

सुसाट_८२, ५:५३
रोज? धूळ चिकटून वंगणाची पॉलिशपेपर होईल. ५०० किलोमीटरला एकदा.

वाटेवरचा_धोंडा, ५:५८
वास आहे. तीनपैकी एका पिनेच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय, पिनेची चकाकी गेलीय, काळी-निळी. त्या खाचेत जाणारी काळी वायर वाकवली तर कडक लागते, वाळल्या काडीसारखी. बाकी दोन ठीक.

वायरवाला, ६:००
कपलरमधला अर्थ जळलाय. अप्पर आणि डिपर दोघांचा परतीचा रस्ता तोच, म्हणून दोन्ही एकदम गेले. पण कपलर उगाच असा भाजत नाही. बल्ब किती वॅटचा आहे?

वाटेवरचा_धोंडा, ६:०२
१००/९०. त्याचा काय संबंध? तो तर वर्षभर आहे. आज घातलेला नवाही तोच.

वायरवाला, ६:०३
😶

भटकभवानी, ६:०३
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर आम्ही टूथपेस्टपर्यंत पोहोचलोच नसतो.

वायरवाला, ६:०६
संबंध असा. कंपनीचा ६०/५५ चा (अप्परला ६०, डिपरला ५५ वॅट) बल्ब अप्परवर साधारण ५ अँपिअर खेचतो, तुमचा सव्वाआठ. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. सांधा तापला की पितळी पकड सैल पडते, सैल पडली की आणखी तापतो. आणि सव्वाआठ हे १५ च्या आतच असल्यामुळे फ्यूजला यातलं काही कळतच नाही, तो शाबूत बसून राहतो. एवढा बल्ब लावायचा तर बॅटरीपासून रिले आणि जाड वायर वेगळी टाकावी लागते.

मूळचा बल्ब आहे का जवळ?

वाटेवरचा_धोंडा, ६:०८
सीटखाली मोज्यात गुंडाळून ठेवलाय. १७ टक्के.

वायरवाला, ६:११
देवासारखा धावलाय तो मोजा. आता: कपलरमध्ये बारीक पेचकस घालून जळक्या टर्मिनलची (वायरीच्या टोकाच्या पितळी पकडीची) जिभली दाबा आणि ते मागून ओढून काढा. चाकूने आतबाहेर खरवडून पितळ दिसू द्या. पकडीने दोन्ही कडा हलक्या हाताने दाबा, म्हणजे बल्बच्या पिनेवर घट्ट बसेल. कडक झालेली वायर तांबं लाल दिसेपर्यंत मागे कापा आणि नव्याने आवळा. टर्मिनल थेट बल्बच्या पिनेवर बसवा, शेजारच्या पिनेला चिकटणार नाही एवढी पट्टी गुंडाळा. बल्ब ६०/५५ चाच. काचेला बोट लावू नका.

वाटेवरचा_धोंडा, ६:१२
का?

वायरवाला, ६:१३
बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर भाजतो, तेवढाच भाग जास्त तापून बल्ब फुगतो किंवा तडकतो. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसा. तुम्ही आता कामाला लागा, फोन ठेवा.

जुनाजाणता, ६:१५
आमच्या वेळी बल्बला थुंकी लावून पुसायचो.

उजेडाचा_राजा, ६:१६
एलईडी असता तर एवढा करंटच आला नसता, एवढंच नोंदवून ठेवतो. (दिवे घ्या. धोंडाभाऊंनी आधी.)

भटकभवानी, ६:१८
हे मात्र खरं, करंट कमी. झाडांचे शेंडे तेवढे सांभाळा.

वाटेवरचा_धोंडा, ६:४४
लागला!! अप्पर, डिपर दोन्ही. टर्मिनल काढताना अर्धं नख गेलं, पट्टी संपली म्हणून हेल्मेटवरचं स्टिकर वापरलं. बल्बच्या काचेला बोट लागलं होतं, सॅनिटायझरने पुसलं. १० मिनिटं चालू ठेवून टर्मिनलची वायर चाचपली, कोमट आहे पण चटका नाही. मोठ्या बल्बच्या मानाने उजेड पिवळट आणि कमी वाटतोय. वायरवाले, तुमचे पाय कुठे आहेत?

वायरवाला, ६:४७
पाय राहू द्या. वायर कोमट चालेल, गरम नको. वाटेत दोनदा थांबून परत चाचपा, आणि प्रवास संपल्यावर कपलर नवा टाका. तिसरा_गिअरच्या पहिल्याच पोस्टमधलं एक मात्र राहिलं: टेललाइट बघितलात का?

वाटेवरचा_धोंडा, ६:४८
चालतोय की. म्हणजे चालत असणार. मागे जाऊन कोण बघतंय.

तिसरा_गिअर, ६:४८
जा आणि बघ.

वाटेवरचा_धोंडा, ६:५२
ब्रेक दाबला की लागतो. नुसता नाही लागत. नवीन धागा काढू की इथेच विचारू? ९ टक्के.