कौतुक शाळेचं, टाके आयांचे, आणि साताऱ्याचा इतिहास कुठाय?

माणदेशी_लेक:
काल इथं साताऱ्याकडच्या एका शाळेचा कापडी पट टाकलाय, 'मुलांनी शिवला देशाचा इतिहास' म्हणून. झूम करून बघितला. १८५७, दांडी, लाल किल्ला, आणि बेचाळीसच्या चौकोनात फक्त मुंबईचं गवालिया टँक. अहो, ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तिरंगा घेऊन पुढं असलेले परशुराम घार्गे पडले, ते आपल्या पोरांनी नाही शिवायचं तर कुणी? आणि साखळी टाका इतका एकसारखा आहे की तो सहावीच्या पोराचा हात नव्हेच, आया रात्री जागल्यात.

मास्तर_कराड:
ताई, तो वर्ग माझाच. राष्ट्रीय इतिहास हा विषय वरून आला, मांजरपाटाचे वीतभर तुकडे, गॅदरिंग तोंडावर. पुस्तकात आहे तेच पोरं काढणार ना?

कुंडलकर:
सातारा सातारा काय लावलंय? पत्री सरकारात आमचं कुंडल नव्हतं का? २४ जुलै १९४३ ला वसंतदादांनी सांगलीचा तुरुंग फोडून खंदकात उड्या टाकल्या, त्याचा एक तुकडा नको?

सुईदोरा:
तुमचं चालू द्या. आमच्याकडं असाच पट झाला तेव्हा मुलींच्या हातात सुई आणि मुलांच्या हातात खडू. लेक बोटं टोचून घेत बसली आणि स्टेजवर माईक घेऊन माहिती सांगायला मुलगा. माझे वडील शिंपी, अख्ख्या गावाच्या सदऱ्यांची काजं हातानं करायचे. सुई बाईचीच हे कुणी ठरवलं?

मास्तर_कराड:
पोरांना सुई दिली की एकमेकांना टोचतात, मग पालक आमच्या अंगावर. वर्गावर उभ्या राहून बघा एकदा.

सुईदोरा:
राहिलेय. बचत गटाकडून शिकवायला जायचे. दोऱ्याला गाठ मारता आली की पाचवीचं पोरगंसुद्धा धावदोरा घालतं, आधी वाकडा जातो मग सरळ. तुम्ही शिकवत नाही आणि नाव पोरांचं घेता.

मास्तर_कराड:
भाषा सांभाळा बाई.

वडूजकर:
आणि बेचाळीसच्या झेंड्यात अशोकचक्र शिवलंय ते दिसलं का कुणाला? चक्र आलं २२ जुलै १९४७ ला, त्याआधी चरखा होता. आमचे आजोबा त्या मोर्चात होते, मला हे खुपतं.

मास्तर_कराड:
चरख्याचं मान्य, उसवून घेतो. वडूजचा तुकडाही कडेला वाढवू, पोरांकडूनच. पण टोचलं तर पालकांना सुईदोरा ताईंनी समजवायचं.

सुईदोरा:
समजावते. मोठ्या नेढ्याच्या सुयाही आणते.

माणदेशी_लेक:
कडेला नको सर. गवालिया टँकला लागून, त्याच मापाचा लावा.