मदत हवी आहे: लिटररी एजंटकडे इंटर्नशिप कशी मिळते?

पानकिडा
लिटररी एजंटकडे, म्हणजे लेखकाचं हस्तलिखित प्रकाशकापर्यंत नेणाऱ्याकडे, इंटर्नशिप करायची आहे. अकरा ठिकाणी मेल टाकले, दोन आठवडे झाले, एकाचंही उत्तर नाही. १५ जूनला कॉलेज सुरू होतंय. कुणाची ओळख असेल तर प्लीज लवकर सांगा. "गुगल करा" नको, करून झालंय.

ठाण्याचा_काका
हे विमा एजंटसारखंच का? पॉलिसीऐवजी कविता गळ्यात मारायच्या? (हलके घ्या.)

पेठकर
वय? गाव? शिक्षण? मराठी पुस्तकं की इंग्रजी? कुठल्या अकरा ठिकाणी? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत. आम्ही काय पत्रिका मांडून बसलोय?

पानकिडा
सॉरी. वय १६, अकरावी झाली, पुणे. मला "तुम्ही" नका म्हणू. मराठी पुस्तकांसाठीच करायचंय, इंग्रजीही चालेल. मेल सगळे दिल्ली-मुंबईला गेले.

शाईचे_डाग
मराठीत हा प्राणी जवळजवळ नाहीच गं. इथे लेखक स्वतःच बाड काखोटीला मारून प्रकाशकाकडे जातो. कारण साधं आहे. एजंट लेखकाच्या कमाईतून साधारण १५ टक्के घेतो. आता धर, हजार प्रतींची आवृत्ती, किंमत २०० रुपये, रॉयल्टी १० टक्के. सगळ्या खपल्या (हसू नका) तर लेखकाला २० हजार, एजंटला ३ हजार. त्यात वर्षभर पाठपुरावा कोण करणार? म्हणून एजंट दिसतात ते इंग्रजीच्या धंद्यात: जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड वगैरे. तू अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एखादा प्रकाशक गाठ आणि प्रूफं तपासायला बस. मी तिथूनच सुरुवात केली. ऱ्हस्व-दीर्घ पक्कं झालं की पुढचं सगळं येतं.

कवी_माळ्यावरचा
एजंट-बिजंटच्या नादी लागू नकोस. स्वतः छाप. मी संग्रहाच्या ३०० प्रती काढल्या, पुस्तकाचा ओळख क्रमांक, आयएसबीएनसुद्धा घेतला. वाटून-विकून ४० गेल्या. समाधान मोठं आहे.

पानकिडा
पण मी काही लिहिलेलंच नाहीये. मला दुसऱ्यांचं वाचायचंय.

कवी_माळ्यावरचा
मग आधी लिही.

काळा_कोट
१६ वर्षांच्या मुलीने ऑफिसात काम करणं बेकायदा नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामांची बंदी आहे, कागद वाचणं त्यात येत नाही. अडचण वेगळीच आहे. एजन्सीत अप्रकाशित हस्तलिखितं हातात पडतात, म्हणून गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल. तुझ्या सहीला किंमत शून्य. मग १८ ची अट घालतात त्यात नवल नाही.

ठाण्याचा_काका
बाबांची सही चालेल का? आमच्या वेळी प्रगतिपुस्तकावर चालायची. मीच करायचो ती.

दिल्लीतली_मी
एका एजन्सीत सहा महिने इंटर्न होते, तेव्हा २२ ची होते. काम काय, तर मेलने येऊन पडलेला ढीग उपसायचा. प्रत्येकाची पहिली ३० पानं वाचायची आणि दीड पानाचा अहवाल द्यायचा: गोष्ट काय, कुठे पकडते, कुठे सुटते, पुढे वाचावं का. ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारलं नाही. @पानकिडा, तुझा मेल इथे चिकटव बघू.

शाईचे_डाग
विचारलं नाही म्हणूनच पुस्तकं तशी निघतात.

दिल्लीतली_मी
प्रूफ ही शेवटची पायरी, काका. पुस्तक घ्यायचं की नाही हे त्याच्या कितीतरी आधी ठरतं.

शाईचे_डाग
काका नाही, मावशी.

पानकिडा
हा मेल: "आदरणीय सर, मला लहानपणापासून वाचनाची खूप आवड आहे. मी मेहनती आहे. कृपया आपल्या एजन्सीत इंटर्नशिप द्यावी." इंग्रजीत पाठवला होता. अकराही पत्ते एकदमच टाकले, वेळ वाचावा म्हणून.

पेठकर
एकदमच म्हणजे? बीसीसीत ना?

पानकिडा
नाही, "टू" मध्ये. बीसीसी म्हणजे काय?

पेठकर
अरे देवा.

दिल्लीतली_मी
म्हणजे अकराही जणांना बाकीच्या दहांचे पत्ते दिसले, आणि त्यातल्या बायकांना "सर". उत्तर न येण्याचं कारण सापडलं. आता असं कर. गेल्या वर्षभरात आलेली दोन पुस्तकं घे, एक आवडलेलं आणि एक अर्ध्यात टाकलेलं, आणि दोन्हींवर दीड-दीड पानाचा अहवाल लिही. टाकलेल्यावर जास्त मेहनत घे, कितव्या पानावर का टाकलंस ते नेमकं सांग. मग एका वेळी एकालाच, नावाने मेल. त्यांनी आणलेलं एखादं पुस्तक वाचून त्याबद्दल दोन ओळी घाल. वय लपवू नकोस. "ऑफिसात नको, घरून चार हस्तलिखितं वाचून देते" असं विचार. आणि इंटर्नशिप देण्यासाठी पैसे मागणारा भेटला तर पळ.

पानकिडा
ओके. त्याच अकरा जणांना परत पाठवू की आता तोंड दाखवायची सोय नाही?

दिल्लीतली_मी
महिनाभराने पाठव. ढिगाऱ्यात कोण लक्षात ठेवतंय.

शाईचे_डाग
तोवर प्रूफं तपासायला ये. आमच्याकडे दिवाळी अंकाची कामं जुलैपासून सुरू होतात, चहा मिळेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पण आधी आईला विचार.

पानकिडा
विचारलं. आई म्हणतेय बारावीचं वर्ष आहे. शनिवारी चालेल का?

कवी_माळ्यावरचा
@शाईचे_डाग, दिवाळी अंकाला कविता घेता का?