मदत हवी आहे: वस्तीच्या बागेतली रोपं जगत नाहीत

रिकामी_जागा: पडीक जागेवर वस्तीसाठी बाग करतोय. ६० रोपं लावली, ४५ गेली. पाणी रोज घालतो. महिन्याभरात बाग खुली करायची आहे. कोणती झाडं हमखास जगतील तेवढं सांगा. घाई आहे.

पहार: आधी तिथे काय होतं? माती कसली आहे? जागा केवढी?

हिरवाई: मियावाकी करा, म्हणजे देशी झाडांचं छोटं दाट जंगल. चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं, दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी, पुढे बघावं लागत नाही. आम्ही केलंय.

सावली: मग मुलं खेळणार कुठे? आणि रस्त्यावरून आतलं दिसलं नाही तर अंधार पडल्यावर बायका तिकडे फिरकत नाहीत. मोजकी झाडं लावा, खाली हलवता येतील अशा खुर्च्या ठेवा. न्यूयॉर्कचं पेली पार्क १९६७ सालचं, जेमतेम ४,२०० चौरस फुटांचं, तिथे हेच आहे.

हिरवाई: खुर्च्या आठवड्यात चोरीला जातील.

सावली: तिथे वर्षानुवर्षं आहेत. माणसांची वर्दळ हीच राखण.

शांतनिवास: कुत्र्यांसाठी वेगळं दार ठेवा. आमच्याकडे त्यावरून फार भांडणं झाली.

रिकामी_जागा: कुत्र्यांचा प्रश्न नाहीये हो. जुनी दुमजली इमारत होती, पाडून सपाट केली. वर वीतभर चांगली माती टाकली आहे.

पहार: हे आधी सांगायला हवं होतं! मातीखाली राडारोडा दाबून बसलाय. मुळं खाली जात नाहीत, रोजचं पाणी तिथेच साचतं आणि मुळं कुजतात. झाड बदलून उपयोग नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही उतरलं नाही तर निचरा नाही असं समजा. मग झाडांच्या जागी तरी राडारोडा उपसावा लागेल. आणि इमारत जुनी आहे, तर मातीतलं शिसं तपासून घ्या. जुन्या रंगातलं शिसं मातीत उतरतं, तिथेच राहतं. मुलं मातीचे हात तोंडात घालतात. अहवाल येईपर्यंत मुलांना आत सोडू नका.

हिरवाई: हे पटलं. मियावाकीलाही आधी जमीन खोल भुसभुशीत करावी लागते.

रिकामी_जागा: काल संध्याकाळी खणलं. वीतभर मातीखाली विटांचे तुकडे, फरशा, चुना. पहिल्यांदा भरलेलं पाणीच आज सकाळी तसंच होतं. मातीचा नमुना तपासायला दिलाय. बाग खुली करायची तारीख पुढे ढकलली. उपसलेल्या विटा पायवाटेखाली भराव म्हणून चालतील का?

पहार: चालतील. पण आधी अहवाल येऊ द्या.