मदत हवी आहे : गोचिडाच्या तापानंतर घर बदलायचंय, परभणीत कसं घर बघावं?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. वडील (वय ७२) मध्यंतरी तापाने फार आजारी पडले. आधी टायफॉइड समजून इंजेक्शनं झाली, मलेरिया-डेंग्यू निगेटिव्ह आले, ताप काही हटेना. डोकं असं दुखायचं की खिडकी उघडू द्यायचे नाहीत. मग मनगटांवर आणि घोट्यांजवळ लाल पुरळ उठलं, ते तळहात-तळपायांवरही आलं. ते बघून एका फिजिशियन मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "घराजवळ कुत्री, जनावरं आहेत का?" गोचिडाचा ताप असावा म्हणाल्या, आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू केली. दोन दिवसांत ताप उतरला. आता वडील बरे आहेत, पण त्याच घरात त्यांना ठेवायला जीव धजत नाही.

घर शहराच्या कडेला, भाड्याचं, बैठं. मागच्या भिंतीला लागूनच मालकांचा गोठा आहे, दोन म्हशी आणि एक देवणी गाय. मालक माणूस लाख मोलाचा, पण फवारणीचं काढलं की "पोळा होऊ द्या, मग बघू". गल्लीतली कुत्री आमच्या ओट्यावर झोपतात, वडीलच त्यांना भाकरी टाकतात.

समोर तीन घरं आहेत. पहिलं, गावात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट नाही, वडिलांचे गुडघे दुखतात आणि अंगणाशिवाय ते राहतील असं वाटत नाही. दुसरं, वसमत रोडच्या बाजूला नवीन रो-हाऊस, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि कमरेइतकं गाजर गवत. तिसरं, पाथरीकडे सासुरवाडीचा दगडी वाडा, वरती माळवद. तो बरेच महिने बंद आहे, म्हणजे गोचीड उपाशी मरून गेले असतील, असा माझा हिशोब. मेहुणे म्हणतात, हे सगळं सोड आणि सरळ कोकणात बदली माग, तिथली हवा चांगली.

मला गोठ्यापासून लांब जायचंय, एवढं पक्कं. तुम्ही कोणतं घर घेतलं असतं?

लातूरची_माई

काकांना सांभाळा. मेहुण्यांना मात्र सांगा, कोकणात गोचीड नाहीत असं नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला माकडताप आहे, २०१६ मध्ये तिथे मोठी साथ आली होती. तोही गोचिडामुळेच होतो, जंगलातल्या. आपल्याकडे तशी दाट झाडी नाही, हे एका बाबतीत बरंच आहे म्हणायचं!

सोयाबीन_वाला

नागपूरकडे २०१८ ला जो ताप आला होता तो हाच ना? मग विदर्भसुद्धा बाद.

जनावरांचा_डॉक्टर

सोयाबीनभाऊ, तो स्क्रब टायफस. तो गोचिडाने नाही, गवता-झुडपांतल्या बारीक माइटच्या पिल्लांनी होतो. औषध बहुतेक वेळा तेच चालतं, म्हणून गल्लत होते.

आता धाग्याच्या मालकांना. तुम्ही गोठ्यावर डोळा ठेवून बसलात, माझा डोळा ओट्यावर आहे. गायी-म्हशींवर जो गोचीड सगळ्यात जास्त दिसतो, तो पिल्लापासून मोठा होईपर्यंत त्याच एका जनावरावर राहतो, माणसाला क्वचित चावतो. गोठ्यात हायलोमा जातीचेही असतात, लांब पायांचे आणि पायांवर पट्टे असलेले. ते माणसाला धरतात, म्हणून गोठ्याला क्लीन चिट देत नाही. पण हा पुरळाचा ताप आपल्याकडे जोडला जातो तो मुख्यतः कुत्र्याच्या तपकिरी गोचिडाशी. तो प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली पडतो आणि भिंतीवर चढतो. चौकटीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, पत्र्याखाली लपतो. एक मादी हजारांवर अंडी घालते, तीही अशाच फटीत. त्यामुळे गोठ्यापासून दहा कोस लांब गेलात आणि ओट्यावर कुत्री तीच राहिली, तर काही फरक पडणार नाही.

म्हणून वाडा माझ्या मते सगळ्यात वाईट. हे किडे महिनोन्‌महिने उपाशी काढतात. बंद घर उघडलं की जो पहिला आत जाईल तो त्यांचं जेवण. दगडी भिंतीत फटीही मोजता येणार नाहीत इतक्या. राहायला जायचंच असेल तर आधी सांधे भरून घ्या आणि फवारणी दोनदा करा, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून. अंड्यांवर औषध नीट लागत नाही, पिल्लं बाहेर आली की ती दुसऱ्या खेपेला सापडतात.

फ्लॅट सुरक्षित, पण जिन्याखाली कुत्री झोपतात का ते बघा. हा गोचीड भिंत सहज चढतो.

लातूरची_माई

डॉक्टरसाहेब, म्हणजे आता काकांनी भाकरी टाकायची नाही?

जनावरांचा_डॉक्टर

टाकू द्या की. फाटकाबाहेर टाका. आणि त्यातल्या जी अंगाला हात लावू देतात त्यांना जवळच्या पशुवैद्यकाकडून गोचिडाचं औषध द्या. जनावरांचं औषध स्वतः पाण्यात कालवून कुत्र्याला पाजू नका, दरवर्षी असे दोन-तीन जीव टेबलावर येतात.

आणखी एक. अंगावर गोचीड चिकटलेला दिसला तर रॉकेल नाही, उदबत्तीचा चटका नाही. बारीक चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. पुढचे दोन आठवडे ताप आला तर डॉक्टरला आपणहून सांगा की गोचीड चावला होता. ते विचारतीलच असं नाही.

गोदाकाठचा

साहेब, डोळे उघडलेत. सौ. म्हणते, आपण गोठ्याचा राग उगाच धरला, दूध चांगलं मिळत होतं!

मग रो-हाऊसचं काय? वडिलांना तेच आवडलंय, तळमजला आहे आणि पुढे छोटं अंगण.

जनावरांचा_डॉक्टर

तुमच्या तिघांत मी तेच घेईन, पण अटी घालून. गाजर गवत कुंपणापासून चार-पाच पावलं तरी कापून घ्या आणि ते मालकाकडून लिहून घ्या, तोंडी नको. फाटकाखाली कुत्रं शिरणार नाही इतकी जाळी लावा. डिपॉझिट देण्याआधी एकदा पांढरं सुती कापड घेऊन जा, अंगणातल्या गवतावरून सावकाश ओढा आणि उलटून बघा. असतील तर तिळाएवढे ठिपके चालताना दिसतील. तपकिरी गोचीड कापडावर क्वचितच येईल, तो टॉर्च घेऊन चौकटीत आणि कोपऱ्यांत शोधा. आधीच्या भाडेकरूकडे कुत्रा होता का, हे मालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचारा.

गोदाकाठचा

रविवारी जातो. वडिलांचं जुनं धोतर आहे, तेच कापड म्हणून चालेल ना? आणि परभणीत फवारणी करणारा, घरात म्हातारं माणूस आहे हे समजून काम करणारा कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.