सिरीस म्हणजे चिनी? एवढं सोपं नाही हो!

ताम्रपट: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘रोमनांना चीन चांगला ठाऊक होता, चिन्यांना ते सिरीस म्हणत, विषय संपला.’ संपला? प्लिनी काढून बघा, पहिल्या शतकातला रोमन लेखक. सिरीस लोक झाडांच्या पानांवरची पांढरी लव पाणी मारून विंचरून काढतात, तेच रेशीम, असं हा विद्वान सांगतो. रोमन कवी व्हर्जिलही त्याआधी हेच गाऊन गेला होता. पुढे प्लिनीकडेच रोमन सम्राट क्लॉडियसच्या दरबारी आलेल्या सिंहली वकिलांच्या तोंडचं वर्णन आहे: सिरीस धिप्पाड, केस तांबूस, डोळे निळे, आवाज कर्कश. यात चिनी माणूस कुठे दिसतो ते दाखवा. हे मध्य आशियातले दलाल. ज्याच्या हातून माल आला तो सिरीस, इतकीच रोमनांची अक्कल.

खवचट काका: एका ऐकीव गप्पेवर अख्खा चीन पुसलात की! ग्रीक भूगोलकार टॉलेमीकडे उत्तरेला सेरिका, म्हणजे सिरीसांचा देश आहे, दक्षिणेला सिनाई नावाचे लोक आहेत. मेएस टिटियानस या व्यापाऱ्याच्या माणसांकडून आलेली माहितीही आहे: मध्य आशियातल्या ‘दगडी मनोरा’ या ठाण्यापासून सिरीसांची सेरा नगरी सात महिन्यांची वाट. आणि नुसत्या रेशमापायी वर्षाला १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घालवणारे लोक काय डोळे मिटून खरेदी करत होते?

ताम्रपट: ‘नुसत्या रेशमापायी’ हे तुमच्या पदरचं. भारत, सिरीस आणि अरबस्तान मिळून १० कोटी, असं प्लिनी म्हणतो. त्यात मोती, सुगंधी द्रव्यं सगळं आलं. आणि टॉलेमी तर माझाच साक्षीदार. खुष्कीने गेलं की एक देश, समुद्राने गेलं की दुसरा, आणि दोन्ही एकच असतील हे त्याच्या गावीही नाही!

मराठवाडी बाणा: सगळं रोम आणि चीन! पेरिप्लस वाचा की, ते पहिल्या शतकातलं ग्रीक सागरी व्यापाराचं पुस्तक. थिनाचं, म्हणजे चीनचं, रेशीम बॅक्ट्रियामार्गे (आजच्या उत्तर अफगाणिस्तानातून) भडोचला यायचं, आणि त्याच भडोचला आपल्या पैठणचा, तेरचा माल जायचा. म्हणजे पैठणी दोन हजार वर्षांची. पण पुण्यातले इतिहासकार हे बोलणार नाहीत.

येवलेकर: पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून सुती कापड, एवढंच आहे त्यात. रेशमी लुगडं तुम्ही घुसडलंत. दोन हजार वर्षांच्या बाता मारणारेच पॉवरलूमची साडी ‘अस्सल’ म्हणून घेऊन जातात आणि आमच्याशी मात्र भावात घासाघीस करतात. पदर उलटा करून बघा, हातमागाची नक्षी मागूनही तशीच दिसते.

मावशीबाई: हे मला लेकीच्या लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर! हातमागाची म्हणून घेतली, घरी येऊन पदर उलटला तर मागे नुसते धागे लोंबतायत. दुकानदार म्हणतो, ‘ताई, तीच फॅशन आहे.’

मराठवाडी बाणा: येवलेकर, तुमची पोटदुखी कळते. नाव पैठणचं, पैसा येवल्याला.

येवलेकर: माग तुम्ही सोडलेत, आम्ही नाही. तोंड सांभाळून.

तुतीवाला: भांडा. प्लिनीला मात्र एक रात्र आमच्या शेडवर पाठवा. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या पाला खातात तेव्हा पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटतं. पानावरची लव म्हणे! तो ग्रीक प्रवासी लेखक पॉसानियस निदान किड्यापर्यंत पोचला, पण त्याचा किडा चार वर्षं भरड धान्य खातो, पाचव्या वर्षी हिरवा बोरू, आणि खाऊन खाऊन फुटतो. आमची अळी महिन्याच्या आत कोषावर जाते. म्हणजे जाते, शेजारच्याने कापसावर फवारलं नाही तर. गेल्या वेळी वारं आमच्या तुतीवर आलं आणि अख्खी बॅच चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, चढायच्या आधीच गेली. भरपाई? विचारू नका.

खवचट काका: बरं, ताम्रपट महाराज, किड्याचं अज्ञान मान्य. तेवढंच. इसवी सन १६६ मध्ये आंदुन राजाचे, म्हणजे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे, वकील चिनी दरबारी पोचले, त्याचं काय?

ताम्रपट: नजराणा काय नेला? हस्तिदंत, गेंड्याचं शिंग, कासवाची पाठ. यातलं रोमचं काय? वाटेत खरेदी केलेला माल. चिनी बखरकारालाही शंका आलीच होती. व्यापारी होते ते, वकिलाचं सोंग घेतलेले.

खवचट काका: सोंग का असेना, पोचले ना? तुमचा दलाल सिद्धान्त तिथे लंगडतो.

ताम्रपट: एक जहाज पोचलं. लंगडतो, पडत नाही.

मराठवाडी बाणा: पैठणीवर वेगळा धागा काढतोय. येवलेकरांनी यावं.

येवलेकर: येतो. काढताना एवढं लक्षात ठेवा, आमचं रेशीम बंगळूरहून येतं, पैठणहून नाही.