वहिवाटीचा रस्ता अडवला, खोलीचं डिपॉझिटही अडकलं. कायद्याची खात्रीची माहिती फुकट कुठे मिळेल?

कोरेगावकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात आमचं शेत आहे. ऊस तोडणीला आलाय आणि शेजारच्या गटातून जाणारा वहिवाटीचा रस्ता दिवाळीनंतर चर मारून बंद केलाय. यूट्यूबवर एक जण कलम १४३ सांगतो, दुसरा मामलेदार कोर्ट, तिसरा थेट दिवाणी दावा. दुसरी गोष्ट, धाकट्या बहिणीने साताऱ्यातली भाड्याची खोली सोडली, घरमालक डिपॉझिट देत नाही. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे. वकील लावण्याआधी स्वतः वाचून समजून घ्यायचंय. मूळ कायदा मराठीत कुठे मिळेल? आणि फुकट सल्ला खरंच मिळतो का?

पाणंद
रस्ता आधीपासून होता की नव्याने हवाय, यावर सगळं ठरतं. वापरातला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. रस्ताच नाही आणि बांधावरून नव्याने हवाय, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. दोन्हीकडे जायचं तहसीलदारांकडेच, म्हणून लोकांचा घोळ होतो. तुमचा रस्ता चालू होता. तिथे १४३ चा अर्ज टाकलात तर समोरचा म्हणणार, रस्ता नव्हता हे यांनीच लिहून दिलंय.

कलम ५ ला सहा महिन्यांची मुदत आहे, अडथळा केल्यापासून. ती गेली की तहसीलदार दावा घेत नाहीत, मग दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. म्हणून चर कधी मारला ती तारीख अर्जात स्पष्ट लिहा. ‘काही महिन्यांपूर्वी’ असं मोघम लिहिलं की मुदतीचाच वाद सुरू होतो.

सोबत दोन्ही गटांचे सातबारे, गाव नकाशाची प्रत, चराचे फोटो आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या इतर शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. नकाशावर तुटक रेषांनी रस्ता दाखवलेला असेल तर बाजू भक्कम. नसला तरी वहिवाट साक्षीदारांनी सिद्ध करता येते. ऊस तोडणीला आलाय हे लिहून कारखान्याकडची उसाची नोंद लावा आणि लवकर सुनावणी मागा.

स्थळपाहणीला हजर राहाच. चराच्या अलीकडे-पलीकडे दबलेली जुनी चाकोरी असते, ती दाखवा आणि पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. नुसतं तोंडी सांगितलेलं पुढे कुणी धरत नाही. चर मात्र स्वतः बुजवू नका. पुरावा जातो आणि भांडणाची तक्रार तुमच्यावरच होते. या निकालावर अपील नाही, फेरतपासणी मागता येते, ती बहुधा प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) चालते.

वाचक_वाई
वाचनाबद्दल. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्याचे कायदे फुकट मिळतात. राज्याच्या कायद्यांचा मराठी मजकूर विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर शोधा. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर महसूल व वन विभाग निवडून ‘शेतरस्ता’ टाका, कारण २०२५ मध्ये शेतरस्त्यांबद्दल नवे निर्णय निघालेत आणि जुन्या व्हिडिओत ते नसणार.

महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो, पण तो नुसता पाहण्यापुरता. अर्जाला डिजिटल सहीचा लावा, १५ रुपये पडतात.

कुठलाही लेख वाचताना आधी तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची उच्च न्यायालयाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. लेखात अजून ‘मुंबईला जा’ लिहिलेलं असेल तर बाकी मजकूरही तपासूनच घ्या.

विधीसेवा_सांगली
फुकट सल्ला मिळतो, आणि तो हक्काने मागा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तुमची बहीण सरळ पात्र. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याची समिती तालुका न्यायालयात. साध्या कागदावर अर्ज चालतो. या कायद्यात न्यायालय म्हणजे महसुली न्यायालयही येतं, तेव्हा तहसीलदारांपुढच्या कामासाठीही वकील मागता येतो. फोनवर विचारायचं तर १५१००. टेली-लॉ या फोनवरून कायदेसल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४५४, किंवा गावातल्या सीएससी (सामायिक सेवा) केंद्रातून वकिलाशी बोलणं करून घ्या.

डिपॉझिटसाठी प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीचा, अर्ज द्या. घरमालकाला नोटीस जाते. आला आणि तडजोड लोकअदालतीत नोंदली गेली, तर तिला हुकूमनाम्याचं (दिवाणी न्यायालयाच्या निकालाचं) बळ असतं आणि त्यावर अपील नाही. तो यायलाच तयार नसेल तर बळजबरी करता येत नाही, मग दिवाणी दावा. भाडेकरार नोंदवलेला नसेल तर बहिणीने घाबरू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि करार नोंदवलेला नसताना, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. डिपॉझिट दिल्याचा बँकेचा उतारा किंवा यूपीआयची नोंद आणि खोलीची चावी परत दिल्याचा मेसेज जपून ठेवा.

कोरेगावकर
मनापासून आभार. सातबारा वडिलांच्या आणि दोन चुलत्यांच्या नावावर आहे. अर्ज मी केला तर चालेल का?

पाणंद
अर्जदार सातबाऱ्यावरचे घ्या, सही त्यांची. चुलतेही सोबत आले तर उत्तम. समोरच्या गटाच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत ती सगळी जाब देणार (प्रतिवादी) म्हणून घाला, फक्त चर मारणाऱ्याचं नाही. एखादा सहहिस्सेदार राहिला की तो नंतर ‘मला नोटीसच नाही’ म्हणून उभा राहतो आणि प्रकरण परत पहिल्या पायरीवर येतं. कुणी मयत असेल तर वारसांची नावं तलाठ्याकडून आधीच काढून घ्या.